अंगावर ॲसिड सांडलं तर: पहिली दहा मिनिटं आणि कॅल्शियमची एक ट्यूब

दक्षिण कोरियातल्या गुमी शहरात २७ सप्टेंबर २०१२ रोजी दुपारी एका रासायनिक कारखान्यात टँकरमधून हायड्रोजन फ्लोराइड उतरवून घेण्याचं काम चालू होतं. काम करता करता व्हॉल्व्ह उघडला गेला आणि सुमारे ८ टन रसायन वायुरूपात बाहेर पडलं. ५ कामगार दगावले. आसपासच्या गावांतली पिकं करपली, जनावरं आजारी पडली, हजारो लोकांनी तपासणीसाठी दवाखान्यात रांगा लावल्या. शेवटी सरकारला तो भाग विशेष आपत्तीग्रस्त जाहीर करावा लागला. कोरियाने त्यानंतर रसायनांविषयीचा कायदाच नव्याने लिहिला.

हे दूरचं वाटतं, पण हेच रसायन पाण्यात मिसळलं की त्याचं हायड्रोफ्लुओरिक ॲसिड होतं. प्लांटवरच्या बोलीत ‘एचएफ’. स्टेनलेस स्टीलच्या पिकलिंगमध्ये, म्हणजे ॲसिडने पत्र्याचा पृष्ठभाग साफ करताना, नायट्रिकबरोबर ते वापरतात, काचेवर नक्षी कोरायला वापरतात, कित्येक औषधं, कीटकनाशकं आणि एसीतला गॅस बनवण्याची सुरुवात त्याच्यापासून होते. सौर पॅनेलमधले सेल आणि कॉम्प्युटरच्या चिप बनवतानाही ते लागतं, म्हणजे या उद्योगांबरोबर त्याचा वापर वाढतच जाणार. तारापूर, लोटे परशुराम, महाड, रोहा, पाताळगंगा, डोंबिवली, कुरकुंभ अशा औद्योगिक वसाहतींमध्ये एक ना दुसरं ॲसिड रोज टँकरने येतं, ड्रममधून ओतलं जातं, पाइपातून फिरतं. अपघात झाला की पेपरात चार ओळी येतात: ॲसिडने भाजून अमुक कामगार गंभीर. कोणतं ॲसिड होतं आणि पहिल्या दहा मिनिटांत काय केलं गेलं, हे त्यात जवळजवळ कधीच नसतं. माणूस वाचणार की नाही, हात राहणार की नाही, हे मात्र बहुतेक वेळा याच दोन गोष्टींवर ठरतं.

ॲसिड त्वचेचं नेमकं काय करतं?

आगीने भाजणं आणि रसायनाने भाजणं यात एक मोठा फरक आहे. आगीपासून माणूस दूर झाला की भाजणं थांबतं. रसायन अंगावर आहे तोवर त्याचं काम चालूच राहतं. शर्टात, पट्ट्याखाली, घड्याळाच्या पट्ट्यात, अंगठीखाली, नखांच्या कडांना ते दबा धरून बसतं.

सल्फ्युरिक, हायड्रोक्लोरिक, नायट्रिक ही नेहमीची ॲसिडं त्वचेतल्या प्रथिनांना गोठवतात. तापलेल्या तव्यावर अंडं फोडलं की पांढरा बलक पाहता पाहता घट्ट होतो, साधारण तसंच त्वचेत घडतं. त्यातून एक कडक थर तयार होतो आणि तो थर ॲसिडला आणखी खोल जायला थोडाफार अडवतो. नायट्रिकने भाजलेली जागा पिवळी दिसते, तीव्र सल्फ्युरिकने तपकिरी ते काळी. कॉस्टिक सोड्यासारखे अल्कली पदार्थ याच्या उलट वागतात. ते त्वचेतल्या चरबीचा साबण करतात, प्रथिनं विरघळवतात आणि खाली झिरपत जातात. म्हणून अल्कलीची जखम सुरुवातीला साधी दिसून नंतर फसवते.

एचएफ नावाने ॲसिड असलं तरी वागणूक या दोघांहून वेगळी. त्याकडे नंतर येतो, कारण सगळ्यांसाठी समान असलेला इलाज आधी समजला पाहिजे.

पहिला इलाज पाणीच

सल्फ्युरिक असो, नायट्रिक असो, एचएफ असो किंवा कोणतं ते माहीतच नसो, पहिली कृती एकच: वाहत्या पाण्याखाली जायचं आणि पाण्याखालीच कपडे उतरवायचे. आधी कपडे काढून, घडी घालून, मग शॉवर, असं नाही. लाज वाटते, आजूबाजूला लोक असतात, युनिफॉर्म फाटायला नको वाटतो, आणि यात जी दोन मिनिटं जातात ती परत मिळत नाहीत. टी-शर्ट डोक्यावरून ओढू नये, कात्रीने कापावा, नाहीतर छातीवरचं ॲसिड डोळ्यांत जातं.

गमबुटांकडे सर्वात उशिरा लक्ष जातं. मांडीवर सांडलेलं ॲसिड ओघळून बुटात उतरतं आणि वरून पाणी सुरू केलं की ते पातळ होऊन बुटातच साठतं. माणूस शॉवरखाली उभा, वरचं अंग स्वच्छ, आणि पाय मात्र घोट्यापर्यंत ॲसिडच्या डबक्यात. म्हणून बूट आणि मोजे लगेच काढायचे.

किती वेळ धुवायचं? कमीत कमी १५ ते २० मिनिटं, तीव्र ॲसिड असेल तर अर्धा तास आणि त्याहूनही जास्त. घड्याळ लावून धुवा, कारण घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटं म्हणजे पंधरा वाटतात. आपत्कालीन शॉवरसाठी जगभर जो अमेरिकी मानदंड वापरतात, त्यात धोक्याच्या जागेपासून शॉवर १० सेकंदांत गाठता यावा, मिनिटाला सुमारे ७५ लिटर पाणी यावं आणि सलग १५ मिनिटं यावं, असं म्हटलं आहे. पाणी १६ ते ३८ अंशांच्या दरम्यान असावं, अशीही त्यात अट आहे. मे महिन्यात उघड्यावरच्या लोखंडी पाइपातलं पाणी हाताला चटका देतं. असं पाणी अंगावर पडलं की माणूस शॉवरखाली थांबत नाही, म्हणून पाइप सावलीतून किंवा आवरण घालून नेणं हा औषधोपचाराचाच भाग समजायला हवा. उलट थंडीत रात्रपाळीला अर्धा तास गार पाण्याखाली उभा राहिलेला माणूस कुडकुडून बेशुद्धीकडे जाऊ शकतो. धुऊन झालं की कोरड्या चादरीत गुंडाळायचं, ओलं ठेवायचं नाही.

मदत करणाऱ्याने आधी स्वतःचे ग्लोव्हज घालावेत. काढलेले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बाजूला ठेवावेत, नाहीतर ॲम्ब्युलन्समधला माणूसही भाजतो.

“पण शाळेत तर शिकवलं होतं, ॲसिडमध्ये पाणी ओतू नये”

ही शंका रास्त आहे आणि ती विचारणारा माणूस विज्ञानाच्या तासाला लक्ष देऊन बसलेला असतो. तीव्र सल्फ्युरिकमध्ये थोडं पाणी पडलं की प्रचंड उष्णता निर्माण होते, ते उसळतं. बाटलीतल्या भरपूर ॲसिडमध्ये थोडं पाणी, असा तो प्रसंग असतो. अंगावर सांडलेल्या ॲसिडचा थर पातळ असतो आणि वरून पाण्याची धार. तयार होणारी उष्णता पाणीच वाहून नेतं. धोका आहे तो थोड्या पाण्यात. ओलं फडकं ठेवलं, मगभर पाणी टाकून थांबलं, बादलीत हात बुडवून बसलं, तर उष्णता आणि ॲसिड दोन्ही तिथेच राहतात. तेव्हा धार हवी, आणि ती अखंड हवी.

काही रसायनांना अपवाद आहे. चुन्याची कोरडी पावडर आधी झटकावी आणि मग धुवावी. सोडियमसारखा धातू पाण्याने पेट घेतो, तिथे नियम वेगळे. ही यादी ज्या कारखान्यात ते पदार्थ आहेत तिथल्या माणसांना पाठ असली पाहिजे. बाकी जगासाठी पाणी.

“सोडा लावून ॲसिड मारलं तर?”

जमिनीवर सांडलेलं ॲसिड मारायला सोड्याची किंवा चुन्याची गोणी ठेवतात ती योग्यच आहे. माणसाच्या कातडीवर तो प्रयोग करू नये. ॲसिड आणि सोडा एकत्र आले की पुन्हा उष्णता निर्माण होते, आणि त्याहून वाईट म्हणजे सोडा शोधण्यात, कालवण्यात धुण्याचा वेळ जातो. हळद, तूप, टूथपेस्ट, शाई यांचंही तेच. त्यांचा थर ॲसिडला आत कोंडतो आणि दवाखान्यात डॉक्टरांना आधी तो खरवडून काढावा लागतो.

ॲसिड पोटात गेलं असेल तर उलटी करवू नये. वर येताना तेच ॲसिड अन्ननलिकेला दुसऱ्यांदा भाजतं. तोंड धुवा आणि थेट मोठं रुग्णालय गाठा.

एचएफ वेगळं का?

रसायनशास्त्राच्या मोजमापात एचएफ हे सल्फ्युरिकपेक्षा दुबळं ॲसिड आहे आणि त्याचा धोका नेमका तिथूनच सुरू होतो. त्याचे रेणू पाण्यात सहज फुटत नाहीत. न फुटलेल्या रेणूवर विद्युतभार नसतो, त्यामुळे तो त्वचेच्या तेलकट थरातून सरळ आत शिरतो. खोल गेल्यावर तो फुटतो आणि फ्लोराइड मोकळं होतं. या फ्लोराइडला कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची ओढ असते. ते त्यांना पकडतं आणि न विरघळणारा क्षार करून टाकतं. वाटेत स्नायू, नसा, पुढे हाडसुद्धा.

आता हिशेब पाहा. माणसाच्या अंगात किलोभर कॅल्शियम असतं, पण ते जवळजवळ सगळं हाडांत. रक्तात आणि पेशींच्या बाहेरच्या द्रवात मिळून ते साधारण १ ग्रॅमच्या आसपास असतं आणि हृदयाचा प्रत्येक ठोका त्यावर चालतो. ७० टक्के तीव्रतेचं चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर एचएफ घेतलं, तर त्यातलं फ्लोराइड ४ ग्रॅमहून अधिक कॅल्शियम बांधू शकतं. सगळंच शरीरात शिरतं असं नाही, पण थोडंसं शिरलं तरी रक्तातलं कॅल्शियम कोसळायला पुरतं. पेशींतलं पोटॅशियम बाहेर सांडतं, ठोक्यांची लय बिघडते, हृदय नुसतं थरथरत राहतं आणि बंद पडतं. जखम लहान, आणि मृत्यू हृदयाच्या वाटेने. तीव्र एचएफ असेल तर शरीराच्या १ टक्का त्वचेवर पडलेलंही जीवघेणं मानून उपचार करतात. १ टक्का म्हणजे बोटांसकट आपला स्वतःचा तळहात, तेवढी जागा.

“पण त्वचेवर तर काहीच दिसत नाही”

एचएफ ५० टक्क्यांहून तीव्र असेल तर वेदना लगेच सुरू होते. २० ते ५० टक्के असेल तर १ ते ८ तासांनी. २० टक्क्यांहून कमी असेल तर दिवसभरानेही. कंत्राटी हेल्परच्या ग्लोव्हला सुईएवढं भोक असतं, दुपारी बोट ओलं लागतं, पाण्याने पुसून तो काम करतो, पाळी संपवून खोलीवर जातो. रात्री दोन वाजता बोट असं ठणकायला लागतं की भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं. बोट पाहिलं तर जरासं लाल, नखाखाली किंचित फिकट. गल्लीतले डॉक्टर ते पाहून वेदनाशामक गोळी देतात, आणि त्यांच्याही बाजूने पाहिलं तर दिसण्यासारखं काही नसतंच. म्हणून रसायन कारखान्याच्या परिसरात दवाखाना चालवणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने जखमेच्या मानाने फार जास्त दुखत असेल, तर एक प्रश्न विचारायलाच हवा: आज कशाला हात लावला होता?

ती ट्यूब

फ्लोराइडला कॅल्शियम हवं असतं, तर ते बाहेरून द्यायचं म्हणजे ते शरीरातल्या कॅल्शियमच्या मागे लागत नाही. इलाज एवढ्या साध्या तर्कावर उभा आहे. कॅल्शियम ग्लुकोनेटची २.५ टक्क्यांची जेल मिळते. एचएफच्या बाबतीत जेल हाताशी असेल तर ५ मिनिटं जोरात धुवायचं आणि लगेच जेल चोळायला सुरुवात करायची, दर १० ते १५ मिनिटांनी पुन्हा लावत राहायची. चोळणाऱ्याच्या हातात ग्लोव्हज हवेत. जेल नसेल तर ती येईपर्यंत किंवा ॲम्ब्युलन्स येईपर्यंत पाणी थांबवायचं नाही.

बोटांवर पडलं असेल तर एक सोपी युक्ती आहे. ऑपरेशनचा ग्लोव्ह घ्यायचा, त्यात जेल भरायची आणि हात त्यात घालायचा. बोटांच्या बेचक्यांत आणि नखांच्या कडांना जेल आपोआप पोचते.

तयार जेल नसली तरी दवाखान्यात ती बनवता येते. कॅल्शियम ग्लुकोनेटच्या १० टक्क्यांच्या इंजेक्शनचा एक भाग आणि पाण्यात विरघळणारी वंगण जेली, जी तपासणीसाठी वापरतात, तिचे तीन भाग. झाली २.५ टक्क्यांची जेल. हे इंजेक्शन दुर्मीळ नाही. बाळंतपणात झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेट देतात, त्याचा उतारा म्हणून ते प्रसूतिकक्षात ठेवलेलं असतं. म्हणजे औद्योगिक वसाहतीजवळच्या ग्रामीण रुग्णालयात हा उतारा बहुधा आधीपासूनच आहे, फक्त लेबर रूमच्या ट्रेमध्ये. अपघात विभागातल्या माणसाला तो भाजलेल्या रुग्णासाठी आठवला पाहिजे.

जेलने वेदना थांबली नाही तर डॉक्टर त्वचेखाली कॅल्शियम टोचतात, हाताच्या जखमेत रोहिणीतूनही देतात, रक्तातलं कॅल्शियम घसरलं असेल तर शिरेतून. ईसीजीचा मॉनिटर सतत चालू ठेवतात. इथे जागा बधिर करण्याचं इंजेक्शन देण्याची घाई करत नाहीत, कारण वेदना कमी होणं हीच फ्लोराइड निष्प्रभ झाल्याची खूण असते. रुग्णाच्या घरच्यांना हे क्रूर वाटतं, म्हणून ते आधीच समजावून सांगायला हवं. जेल डोळ्यांत घालू नये. डोळ्यांसाठी फक्त पाणी किंवा सलाइन, पापण्या बोटांनी उघड्या धरून, किमान अर्धा तास, आणि मग नेत्रतज्ज्ञ.

“अर्धा तास धुवत बसलो तर दवाखान्यात उशीर होईल”

१०८ ला फोन एकाने करायचा, धुण्याचं काम दुसऱ्याने. ॲम्ब्युलन्स येईपर्यंतचा वेळ पाण्याखालीच जायला हवा. न धुता जीपमध्ये घालून पळवलेला माणूस रस्ताभर भाजत असतो. रुग्णालयाकडे त्या अर्ध्या तासात झालेलं नुकसान उलटवण्याचा उपाय नाही.

रुग्णालयात पुढे जे होतं त्यात सलाइनचा हिशेब महत्त्वाचा. मोठ्या भाजण्यात शरीरातलं पाणी रक्तवाहिन्यांतून झिरपून जातं. पहिल्या २४ तासांत किती द्यायचं याचा एक प्रचलित हिशेब आहे: ४ मिलिलिटर गुणिले वजन गुणिले भाजलेल्या भागाची टक्केवारी. ६० किलोचा माणूस ३० टक्के भाजला असेल तर ७२०० मिलिलिटर, त्यातलं निम्मं पहिल्या ८ तासांत. हे ८ तास अपघाताच्या क्षणापासून मोजतात, दवाखान्यात पोचल्यापासून नाही. म्हणून अपघाताची वेळ कुणीतरी लिहून ठेवायला हवी. लघवीचं प्रमाण पाहून हा आकडा पुढे कमी-जास्त करतात. ॲसिडची जखम पहिल्या दिवशी असते त्याहून उथळ दिसते, त्यामुळे दोन-तीन दिवसांनी “वाढली” असं वाटतं तेव्हा डॉक्टर चुकले असं समजू नये. खोल भाग कापून त्यावर त्वचारोपण करतात. अंगावरची त्वचा पुरत नसेल तर मृत्यूनंतर दान केलेली त्वचा तात्पुरतं पांघरूण म्हणून लावतात. मुंबईत सायन रुग्णालयात आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये अशा त्वचापेढ्या आहेत. मृत्यूनंतर ६ तासांच्या आत त्वचादान करता येतं, हे नेत्रदानाइतकं अजून आपल्याकडे पोचलेलं नाही.

फुप्फुसांचंही लक्षात ठेवावं. नायट्रिकमधून निघणारा तांबूस-तपकिरी धूर श्वासात गेला आणि माणूस ठीकठाक चालत घरी गेला, तरी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी त्याच्या फुप्फुसांत पाणी भरू शकतं. अशा माणसाला एकट्याला खोलीवर झोपायला पाठवू नये.

“हे सगळं ठेवायचं कुणी?”

एचएफ वापरणाऱ्या जागी जेल असणं ही कारखान्याची जबाबदारी आहे, मग तो प्लांट मोठा असो की दहा माणसांचं पिकलिंग युनिट. मी तर म्हणेन, जेल घेणं परवडत नाही म्हणणाऱ्याने एचएफचा कॅनही घेऊ नये. ती ट्यूब नळाशेजारी हवी. कपाटाला कुलूप आणि किल्ली जनरल शिफ्टच्या साहेबाकडे असेल, तर रात्रपाळीला ती नसल्यातच जमा. तिच्यावरची मुदत दर महिन्याला पाहावी, आणि शॉवरची साखळी दर आठवड्याला एकदा ओढून बघावी. गंजाचं लाल पाणी येत असेल तर ते अपघाताच्या आधी वाहून जाऊ दे.

प्रत्येक रसायनाबरोबर १६ भागांचं सुरक्षा माहितीपत्रक येतं. त्यातला चौथा भाग प्रथमोपचाराचा. तो बहुतेक इंग्रजीत असतो आणि ऑफिसच्या फायलीत असतो. त्याचं मराठी-हिंदी पान ड्रमसमोरच्या भिंतीवर लावायला एक दुपार पुरते. जवळच्या रुग्णालयाला तुमच्याकडे एचएफ आहे हे आधीच कळवून ठेवा. आणि रुग्णाबरोबर जाणाऱ्या माणसाच्या खिशात एक चिठ्ठी द्या: रसायनाचं नाव, किती टक्के, किती वाजता सांडलं, किती मिनिटं धुतलं, जेल लावली का. कॅनवरच्या लेबलचा मोबाइलवर काढलेला फोटोही चालतो.